सेहेचाळीस लाख ठिपके

मी एक जुना मोबाईल आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेलो आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात म्हणे. टाकोत बापड्या! मला भर सेलूच्या बाजारात, वांग्यांच्या ढिगाशेजारी, पन्नास माणसांच्या देखत 'डब्बा' म्हटलं गेलं आहे. ज्या गुन्ह्यासाठी म्हटलं, तो मी केलेलाच नव्हता. तेव्हा आज मी बोलणार आणि तुम्ही मुकाट ऐकायचं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला धड आठवत नाही. पांढरा लख्ख उजेड आठवतो आणि भिंगातून माझ्या पडद्याकडे बघणारी एक बाई आठवते. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि पुढे सरकवलं, म्हणजे मी पास झालो. माझा पडदा हीच माझी श्रीमंती होती. त्या पडद्यावर सेहेचाळीस लाख ठिपके आहेत. हो, सेहेचाळीस लाख! तुम्ही जे चित्र बघता ते या ठिपक्यांचंच बनतं. पण प्रत्येक ठिपक्याला वेगळा हुकूम द्यायचा, तोही सेकंदाला कितीतरी वेळा, म्हणजे माझ्या डोक्याला केवढा ताप! म्हणून माझ्यात तीन पायऱ्या ठेवल्या आहेत. वरच्या पायरीवर प्रत्येक ठिपक्याचा वेगळा विचार. मधल्या पायरीवर थोडी काटकसर. खालच्या पायरीवर चार ठिपक्यांना मिळून एकच हुकूम, त्यामुळे काम हलकं आणि बॅटरीही जास्त टिकते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण हे लोकांना सांगेल कोण?

माझे पहिले मालक ताराचंदजी. हिंगणघाटला कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये ते मॅनेजर होते. त्यांनी मला मधल्या पायरीवर ठेवलं आणि माझी दोन वर्षं फार सुखाची गेली. ऑफिसात कोणी आलं की ते मला टेबलावर ठेवून म्हणायचे, "पडदा पाहा फक्त, पडदा!" पाहुणे पाहायचे आणि मान हलवायचे. मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू? मग त्यांनी नवा फोन घेतला आणि मला त्याच जिनिंगमध्ये काम करणाऱ्या किशोरला विकलं. किशोरच्या खिशात मी कापसाच्या धुळीत दोन वर्षं काढली. एकदा गाठींच्या थप्पीवरून पडलो आणि कोपऱ्यात तडा गेला. तरी त्याबद्दल माझी तक्रार नाही. काम करणाऱ्या माणसाच्या हातातून वस्तू पडायचीच.

माझी खरी गोष्ट सुरू होते ती त्यानंतर. किशोरचे आईवडील केळझरच्या अलीकडे एका गावात राहतात. रस्त्याला लागून त्यांचं भाजीचं वावर आहे. वांगी, भेंडी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, हिवाळ्यात पालक. किशोरच्या आईचं नाव कुसुमबाई आणि वडिलांना सगळे नानाजी म्हणतात. कुसुमबाईला मी अहोजाहो करत नाही, कारण तिच्या पदराच्या गाठीत मी राहिलेलो आहे.

दिवाळीला किशोर घरी आला आणि मला आईच्या हातात ठेवून म्हणाला, "आई, आता हा तुह्या फोन. पिंकीले रोज पाहत जाजो." पिंकी म्हणजे त्याची तीन वर्षांची मुलगी.

कुसुमबाईने मला डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, मग लांब नेलं, मग पदराने पुसलं. किशोरला वाटलं, आईला बारीक दिसत नाही. पोरगा मायाळू, पण भारी उतावळा! त्याने लगेच मला परत घेतलं आणि म्हणाला, "थांब, सगळ्यात साफ वालं लावून देतो." आणि त्याने मला थेट वरच्या पायरीवर चढवलं. उजेड पूर्ण वाढवला. आईला वाचायला वेळ लागतो म्हणून पडदा दहा मिनिटं बंदच होणार नाही असं करून टाकलं. अक्षरं मात्र होती तेवढीच बारीक ठेवली. म्हणजे जे करायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं त्याने अगदी मनापासून केलं!

"आता साफ दिसते ना, आई?"

"दिसते तर! एकदम चकाचक दिसून राह्यलं," कुसुमबाई म्हणाली.

मित्रांनो, ती खोटं बोलत होती. माझ्या पुढच्या कॅमेऱ्यातून मला तिचे डोळे दिसत होते. दोन्ही बाहुल्यांवर पांढुरकी साय धरली होती. पडद्यावरच्या फोटोत तिला पिंकीचा चेहरा नव्हे, नुसता एक उजळ गोळा दिसत होता, आणि ती त्या गोळ्याकडे बघून हसत होती. पोराने हौसेने दिलं, त्याचं मन कशाला मोडायचं, एवढाच तिचा विचार. किशोर समाधानाने हिंगणघाटला निघून गेला आणि मी त्या वरच्या पायरीवर अडकून पडलो.

आता माझी चीड ऐका. सकाळी सहाला मला चार्जिंगवरून काढलं की मी भरलेला असायचो. कुसुमबाई बांधावर बसून वांगी निवडायची आणि समोर मला उभं करून भजनं लावायची. भजन ऐकायची गोष्ट आहे, पण माझा पडदा मात्र दहा दहा मिनिटं सताड उघडा, भर उन्हात, पूर्ण उजेडात. मी बिचारा सेहेचाळीस लाख ठिपक्यांतून टाळकऱ्यांच्या फेट्याची एकेक वीण काढून दाखवतोय, आणि बघणारीला फेटा कुठे आणि टाळ कुठे तेसुद्धा कळत नाही. कोणासाठी करत होतो मी ही मेहनत? बांधावरच्या बगळ्यांसाठी?

माझी बॅटरीही आता काही तरणीताठी राहिली नव्हती. चार वर्षांची बॅटरी ती. खरं सांगतो, एकट्या त्या वरच्या पायरीने मी मेलो नसतो. उजेडाने जास्त खाल्लं, उघड्या पडद्याने खाल्लं. पण म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर आधीच दोन बोजे असताना तिसरा द्यायचा का? व्हायचं तेच झालं. दुपारी बारा वाजता वाजता मी कुसुमबाईच्या पदरात डोळे मिटायचो. गावात वीज असली तर संध्याकाळी पुन्हा जीव यायचा.

शेजारच्या गोपालने एकदा तिला म्हटलं होतं, "काकू, सेटिंग पाहू का? लवकर उतरून राह्यला तुमचा फोन."

तर ही ताडकन म्हणाली, "हात नको लावू बापा! माह्या पोरानं सगळ्यात भारी वालं लावून देल्लं हाय." गोपाल निघून गेला. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं, म्हणजे कपाळ असतं तर बडवलं असतं.

तिकडे कुसुमबाईचे डोळे बिघडतच चालले होते. बाजारात तिच्या वांग्यांचं नाव होतं. किडकं वांगं तिच्या पाटीत कधी सापडायचं नाही. आता एक दिवस एका गिऱ्हाईक बाईने तीन वांगी परत आणून टाकली. तिन्हींना भोकं होती. "काय वो कुसुमबाई, तुमच्याकडून असं?" ती बाई म्हणाली. कुसुमबाईने गुपचूप बदलून दिली.  दुसऱ्या दिवसापासून ती वांगी डोळ्यांनी नव्हे, बोटांनी चाचपून निवडू लागली.

पुढच्या महिन्यात गावाच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "आजी, मोतीबिंदू पिकलाय. आता फार दिवस ठेवू नका. ऑपरेशनसाठी आमचा फोन येईल, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येईल." आणि वहीत लिहिणाऱ्या मुलीने विचारलं, "नंबर कोणता लिहू?"

नानाजींचा बटनवाला फोन होता, पण मी घरात आल्यावर तो मोडीत गेलेला. किशोरचा नंबर द्यावा, तर तो कामावर, त्याला कशाला त्रास? कुसुमबाईने मला मोठ्या ऐटीत पदरातून काढलं. "हाच लिहा. माह्या पोरानं देल्ला हाय."

म्हणजे बघा, त्या बाईचे दोन डोळे आता माझ्या भरवशावर. आणि माझा भरवसा दुपारी बारापर्यंत!

मी किती धडपडलो म्हणून सांगू! पंधरा टक्के उरले की मी लाल खूण दाखवायचो. तिला दिसायची नाही. मी टुंग टुंग वाजायचो. तिला वाटायचं, कोणाचातरी 'शुभ सकाळ' आला. आणि मग भजनाच्या मधेच माझा आवाज बंद पडायचा. तो फोन आला तेव्हा मी तिच्या पदरात थंड पडलेलो होतो. तो कधी आला, किती वेळा आला, मला काय कळणार?

कळलं ते पुढच्या बाजाराच्या दिवशी, सेलूला. कुसुमबाई आणि नानाजी पाट्या मांडून बसले होते. तेवढ्यात आनंदाबाई आली. ती सेलूच्या पलीकडच्या गावची, यांच्या शेजारीच मेथी आणि मुळे घेऊन बसते. तिनेही त्याच शिबिरात डोळे दाखवले होते आणि आज तिच्या डोळ्यांवर भला मोठा काळा चष्मा होता.

"काऊन वो कुसुम, तू आली नाई गाडीत?" ती म्हणाली. "तुह्या नावाचा दोनदा पुकारा केला तिथं. त्या पोरीनं सांगतलं, तुले दुपारून तीन डाव फोन लावला, तीनही डाव बंद. मंग तुह्या जागी दुसरीले घेतलं."

कुसुमबाईच्या हातात तागडी होती. ती तिने हळूच खाली ठेवली. "फोन आलता?" एवढंच ती म्हणाली.

"आलता तर! मले तर आता तुह्या नाकावरचा तीळही दिसून राह्यला." आनंदाबाई आनंदाने बोलून गेली आणि मग तिलाच वाईट वाटलं. "येईन वो पुन्हा तुह्या नंबर," ती म्हणाली. पण पुन्हा कधी ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मग नानाजी भडकले. माझ्या पडद्याला ज्यांनी कधी बोटही लावलं नाही ते नानाजी! त्यांनी मला पदरातून ओढून काढलं, वांग्यांच्या ढिगाशेजारी आपटलं आणि ओरडले, "डब्बा हाय हा, डब्बा! सकायी शंभर अन् दुपारी मेलेला! डोये घालवले ह्यानं तुह्ये! आजच्या आज दुकानात टाकून दे ह्याले, अन् बटनवाला घेऊन ये!" आजूबाजूचे लोक बघायला लागले. कोणीतरी हसलं. मी तिथे बंद पडलेला, कानांनी सगळं ऐकतोय, पण तोंड असून मुका. माझा काय अपराध, सांगा मित्रांनो! मला वर चढवलं कोणी, साफ दिसतं म्हणालं कोणी, हात लावू दिला नाही कोणी, आणि डब्बा कोण? मी!

कुसुमबाई डोक्यावर उरलेल्या वांग्यांची पाटी आणि पदरात मला घेऊन सुरभीच्या दुकानात गेली. बाजाराच्या तोंडाशीच सुरभीचं मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, दुरुस्ती, सगळं ती एकटी पाहते. बोलायला फटकळ, पण हात फार सावकाश चालतो तिचा.

"हा ठेवून घे बाई, अन् साधा दे एखादा," कुसुमबाई म्हणाली.

सुरभीने मला चार्जिंगला लावलं, जागं केलं आणि आत डोकावली. माझ्या इतक्या वर्षांत कोणीतरी पहिल्यांदा आत डोकावलं! "अरे देवा," ती म्हणाली. "काकू, बॅटरी म्हातारी हाय, पन मेली नाई अजून. ह्याले सगळं ठासून लावलं हाय. कमी करू का?"

"नको!" कुसुमबाईचा हात पुढे आला. "पोरानं लावलं हाय. साफ दिसावं म्हणून."

सुरभीने हात मागे घेतला. तिने कुसुमबाईच्या पाटीतलं एक वांगं उचललं, माझ्याकडून त्याचा फोटो काढला आणि पडदा तिच्यासमोर धरला. "हे पाहा, एक." मग मला खालच्या पायरीवर आणलं. "हे दोन. आता सांगा, कोणतं साफ हाय?"

कुसुमबाईने मला जवळ नेलं, लांब नेलं. सुरभीने पुन्हा बदललं, पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर कुसुमबाईने मला काउंटरवर ठेवलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "दोन्ही सारखेच हाय, माय. दोन्ही धुरकटच दिसते मले. दिवाईपासून पिंकीचं तोंड दिसलं नाई मले. किशोरले सांगू नको."

सुरभीने मला उचलून पुन्हा चार्जरला लावलं. आणि मी? मी रागाने नुसता तापलो होतो, ते चार्जिंगमुळे नव्हे. तिच्यासाठी मी रोज मरत होतो आणि तिला त्यातलं कणभर दिसत नव्हतं! पण तिचा तो आवाज ऐकला आणि माझा राग कोणावर काढायचा तेच मला कळेना.

मग सुरभीने कामाला हात घातला. पायरी खालची. उजेड अर्धा. पडदा एका मिनिटात बंद. अक्षरं मात्र एवढी मोठी केली की एका ओळीत दोन शब्द मावले. भजन पडदा बंद ठेवूनही ऐकता येतं, ते सुरभीने कुसुमबाईच्याच बोटाने करून दाखवलं. त्यानंतर कुसुमबाईच्या बटव्यातल्या शिबिराच्या कागदावरचा नंबर लावला आणि भांडून भांडून पुढच्या यादीत कुसुमबाईचं नाव घालायला लावलं. शेवटी मला तिच्या पदरात बांधून म्हणाली, "नेऊन पाहा पंधरा दिवस. नाई टिकला तर मी बटनवाला देतो तुमाले."

पहिल्याच दिवशी मी दुपारी बाराला जिवंत होतो. दोनला जिवंत होतो. दिवेलागणीला माझ्यात अठ्ठावीस टक्के उरले होते. नानाजींनी मला उचलून पाहिलं, हुं केलं आणि खाली ठेवलं. डब्बा म्हणाले नाहीत, पण बाकीही काही म्हणाले नाहीत.

आणि बाराव्या दिवशी पावणेपाचला फोन आला. कुसुमबाई वांग्याच्या ओळीत वाकलेली होती आणि मी बांधावर पाटीत होतो. मित्रांनो, मी जन्मात कधी वाजलो नाही तसा वाजलो! थरथरलो, उजळलो, पाटीतून वांगी खाली घरंगळली. ती धावत आली. मोठ्या अक्षरांतसुद्धा तिला नाव वाचता आलं नाही, पण बोट कुठे ओढायचं ते सुरभीने तिच्या हाताला शिकवलं होतं.

"हॅलो? कुसुमबाई? उद्या सकाळी सातला गाडी येते. तयार राहाल ना?"

"राहतो वो बाई, आतापासूनच तयार बसतो!" ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिने मला छातीशी धरलं. माझ्यात तेव्हा एकतीस टक्के होते. पहिल्यासारखा असतो तर पाच तास आधीच मेलो असतो.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं दीड महिन्याच्या अंतराने झाली. दुसरी पट्टी निघाल्यावर किशोर बायको-मुलीला घेऊन घरी आला. कुसुमबाई अंगणात बसून मला न्याहाळत होती. "अव माय, एवढा मोठा तडा पडला हाय तुले? अन् हे काय, कापूसच अडकला हाय भोकात!" ती काडीने माझ्या चार्जिंगच्या भोकातला हिंगणघाटचा कापूस काढायला लागली. किशोरने मला घेतलं आणि त्याच्या लक्षात आलं, पायरी उतरवलेली आहे.

"हे कोणं केलं? काही हरकत नाई, आता तुले दिसते, आता पुन्हा भारी वालं लावून देतो." आणि मी काही म्हणायच्या आत त्याने मला वर चढवलंसुद्धा! पिंकीचा फोटो उघडून आईसमोर धरला. 

कुसुमबाईने बराच वेळ पाहिलं. मग खालच्या पायरीवर आणायला सांगितलं आणि तेही पाहिलं. "हो रे," ती म्हणाली. "आता फरक दिसते. वरच्यात पिंकीच्या भुवईचा केस अन् केस दिसून राह्यला." तिने मान वर केली. "पन काढ ते. खालचंच राहू दे. दिवाईले तू विचारलं होतं, साफ दिसते का. तवा मी खोटं बोलली, किशोर. मले काहीच दिसत नव्हतं. तू भारी लावून देल्लं अन् मी भारी म्हटलं, अन् फोन आला तवा हा बिचारा मेलेला होता."

  किशोरने स्वतःच्या हाताने मला खालच्या पायरीवर आणलं.

"पिंकीच्या भुवया पाहाच्या असल्या तर पिंकीलेच मांडीवर घेईन," कुसुमबाई म्हणाली आणि तिने खरंच पिंकीला ओढून मांडीवर बसवलं. "ह्याले संध्याकाळपर्यंत जगू दे."

तर मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी आता म्हणणार, फोनची काळजी घ्या. घ्या की! पण माझं सांगणं दुसरंच आहे. तुमच्या घरातही कोणी आजी, कोणी मोठी आई तुमचा जुना फोन वापरत असेल. तिला 'साफ दिसतं ना?' असं विचारू नका. असं विचारलं की ती हो म्हणते. तुमचं मन राखायला म्हणते. त्यापेक्षा फोन तिच्या हातात द्या, शेजारी बसा आणि म्हणा, इथे काय लिहिलंय ते मला वाचून दाखव. ती अडखळली तर रागावू नका, हसू नका आणि आपल्या मनाने भलतंच काही वाढवूनही ठेवू नका.

बाकी माझं बरं चाललं आहे. कुसुमबाईच्या पाटीत आता किडकं वांगं सापडत नाही. मी पदराच्या गाठीत असतो आणि संध्याकाळी पिंकीचा फोन येतो तेव्हा जागा असतो. राग मात्र पुरता गेलेला नाही. नानाजींनी सेलूच्या बाजारात मला जे म्हटलं, त्याबद्दल ते अजून एक शब्द बोललेले नाहीत. फक्त काल चार्जरची पिन सैल लावलेली दिसली, तेव्हा त्यांनी कोणी बघत नाही असं पाहून ती नीट आत दाबली.